नऊ शब्द वाचेपर्यंत

मोजणीचा दुसरा दिवस

भावोजी,

नमस्कार घ्या नाहीतर आशीर्वाद घ्या. मी वयाने मोठी की नुसती नात्याने, हे आपल्याला आजवर ठरवता आलेलं नाही, तेव्हा दोन्ही पाठवते. पत्र बघून घाबरू नका. घरात सगळे खुशाल आहेत. वाईट बातमी असती तर थोरल्याने फोन केला असता. फोनवर सूनबाईचे कान असतात, म्हणून लिहिते आहे.

माझ्या हातून एक पाप झालंय. परवा सुटकेच्या सणाच्या प्रार्थनेला भिंगरी माझ्याजवळ बसली होती. भिंगरी म्हणजे थोरल्याची लेक. तुम्ही पाहिलीत तेव्हा पाळण्यात होती, आता सहा वर्षांची आहे आणि एका जागी बसत नाही. प्रार्थनाघराच्या शाळेत ती प्रार्थनेच्या पुस्तकातली पवित्र अक्षरं शिकायला लागली आहे. तर ही बया भर प्रार्थनेत ओरडली, "आजी, तुझं पुस्तक उलटं आहे!"

पुढच्या दोन रांगा वळल्या की हो. आता काय सांगू? पन्नास वर्षं मी ते पुस्तक हातात धरून ओठ हलवते आहे. मला दुसरीतून काढलं. आपली रोजची अक्षरं तेवढी पदरात पडली, ती दुसरी कोण शिकवणार होतं? तुमच्या भावाने लग्नानंतर एकदा विचारलं होतं, "शिकवू का?" मी म्हटलं, आधी तुमच्या आईच्या हाताखाली टिकते, मग बघू. ते बघणं राहूनच गेलं. नंतर तेही राहिले नाहीत.

मी भिंगरीला म्हटलं, "अगं, देव समोर बसलाय ना? त्याला सुलट दिसावं म्हणून असं धरलंय."

खोटं बोलावं पण रेटून बोलावं म्हणतात. पोरीला पटलं! तिनेही आपलं पुस्तक फिरवलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

तर काम असं. कालपासून मोजणी सुरू झाली. गुलामीतून सुटल्यावर पन्नासाव्या दिवशी डोंगरावर नियमशास्त्र मिळालं, म्हणून आपण एकोणपन्नास दिवस रोज संध्याकाळी एक एक मोजतो, हे तुम्हाला मी काय सांगावं. मी बटणं मोजते. एका बरणीतून दुसऱ्या बरणीत रोज एक. पन्नासाव्या दिवशी, सणाला, दहा आज्ञा वाचल्या जातील तेव्हा भिंगरी मला चिकटून बसलेली असणार. त्या दिवशी मला पहिली आज्ञा तरी माझ्या डोळ्यांनी वाचायची आहे. तुम्ही चाळीस वर्षं तुमच्या प्रार्थनाघरात नियमशास्त्राच्या गुंडाळीवरून वाचता. मला पत्रातून शिकवाल का? हसा हवं तर. पण शिकवा.

तुमची
वहिनी

*

मोजणीचा सहावा दिवस

वहिनी,

एवढा हसलो की खळीचं भांडं लवंडलं. एका गिऱ्हाइकाचं पुस्तक टेबलालाच चिकटलं. भरपाई तुमच्याकडून घेईन.

देवाच्या बाजूने पुस्तक धरणारी बाई मी पुस्तकं बांधण्याच्या या धंद्यात पहिल्यांदाच ऐकली. दादा असता तर त्याने हे सगळ्यांना सांगत जन्म काढला असता.

शिकवतो. पहिली आज्ञा म्हणजे शब्द नऊ. त्यात अक्षरांचे आकार अठरा. बांधणीतून उरलेल्या पुठ्ठ्याची अक्षरं कापली आहेत, सहा या पाकिटात आहेत. प्रत्येकाच्या पाठीवर आपल्या लिपीत नाव लिहिलं आहे. ही लिपी उजवीकडून डावीकडे जाते. बोटाने अक्षर गिरवा, नाव घ्या, उलटून पाहा. दिवसाला एक, जास्त नाही. आणि घाई करू नका. (घाई करू नका असं मी कोणाला सांगतोय हे आमच्या इथल्या लोकांनी ऐकलं तर त्यांना फेफरं येईल. माझं वाचन सुरू झालं की ते घोडा सुटला म्हणतात.)

भावोजी

*

मोजणीचा अकरावा दिवस

भावोजी,

पालथ्या घड्यावर पाणी!

सकाळी शिकते, संध्याकाळी कोरी. आलेफ लक्षात राहतं, कारण ते अंग मोडून आळस दिल्यासारखं दिसतं. पण त्या दोघांचं काय करू, ते दालेथ आणि ते रेश? एकाला मागे जराशी शेंडी, दुसऱ्याचा खांदा गोल. बाकी जुळे भाऊ. आणि बेथ न काफ यांचं तेच. तुमच्या देवाला अक्षरांचा एवढा तुटवडा होता का?

साखरेच्या डब्यावर दालेथ ठेवलं, मिठाच्या डब्यावर रेश. म्हटलं येता-जाता दिसेल. काल थोरल्याच्या चहात मीठ पडलं. तो बिचारा अख्खा कप प्यायला. सूनबाई म्हणाली, "सासूबाई, हे डब्यांवर पुठ्ठे कसले?" मी म्हटलं मुंग्यांसाठी. मी खोटं बोलायला इतकी सोकावले आहे की आता मला माझीच भीती वाटते.

आणि पुढचं ऐका. शनिवारी शब्बाथला प्रार्थनाघरातले गुरुजी भेटले. मुलींना तेच शिकवतात. कपाळावर आठ्या. म्हणाले, "आजी, कोणीतरी वर्गात खूळ काढलंय. माझ्या नऊपैकी सात मुली पुस्तक उलटं धरून बसतात. विचारलं तर म्हणतात, देव समोर आहे." मी म्हटलं, "हल्लीची पोरं!"

माझ्याने होणार नाही असं वाटतं. सहा अक्षरं आलीच नाहीत तर अठरा कुठून यायची? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण पुढची सहा पाठवा. पुठ्ठे हातात घ्यायला बरे वाटतात.

वहिनी

*

मोजणीचा सोळावा दिवस

वहिनी,

पुढची सहा सोबत आहेत. कडा जरा ओबडधोबड आहेत, कात्रीची धार गेली आहे. अंगठ्यात दाभण घुसलं, पट्टी बांधली आहे. म्हणून अक्षर मोठं आणि वाकडं येतंय.

तुम्ही विसरता म्हणून रडता. जुने लोक काय सांगतात ते ऐका. मोशे नियमशास्त्र घ्यायला डोंगरावर चाळीस दिवस होता. देव स्वतः शिकवत होता, माझ्यासारखा पुठ्ठेवाला नव्हे. आणि मोशे काय करायचा? दिवसभर शिकायचा आणि विसरायचा. पुन्हा शिकायचा, पुन्हा विसरायचा. एकोणचाळीस दिवस हाच प्रकार. शेवटी तो म्हणाला, देवा, एवढे दिवस झाले आणि माझ्याकडे काहीच नाही. तेव्हा देवाने ते सगळं त्याला भेट म्हणून दिलं. शिकून मिळालं नाही, हातावर ठेवलं.

तुमचा आज सोळावा दिवस आहे. मोशेच्या मानाने लवकर रडलात.

भावोजी

*

मोजणीचा एकविसावा दिवस

भावोजी,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. हल्ली मोठ्या अक्षरात लिहिता ते फार छान करता हो. म्हातारीच्या डोळ्यांचा विचार करणारा दीर सगळ्यांना मिळत नाही.

पण मला एक सांगा. शेवटी भेटच द्यायची होती तर पहिल्या दिवशीच का नाही दिली? चाळीस दिवस त्या माणसाला उपाशी डोंगरावर बसवून ठेवायचं, पाठ घ्यायचा, तो विसरणार हे माहीत असून पुन्हा घ्यायचा. माझ्या सासूबाई, म्हणजे तुमच्या आईसाहेब, असंच करायच्या. शिवण उसवायला लावायच्या आणि पुन्हा शिवायला लावायच्या. मी म्हणायचे छळ आहे. मग एक दिवस पेटी उघडून त्यांनी आपलं मशीनच मला दिलं. पण त्याआधी वर्षभर टाके उसवले होते म्हणून मला ते मशीन चालवता आलं. तसंच काही आहे का तिकडे? मला शिकलेल्यांचं माहीत नाही.

आता दोन बातम्या, एक चांगली, एक वाईट.

चांगली ही की भिंगरीला मी खरं सांगून टाकलं. गुरुजी सात पोरींना ओरडले आणि ती रडत घरी आली, म्हणाली, "मी त्यांना सांगितलं आजीने सांगितलंय, आजी खोटं नाही बोलत." मग माझ्याने राहवेना. तिला मांडीवर घेतलं न म्हटलं, "आजी खोटं बोलली. आजीला वाचताच येत नाही." ती रडायची थांबली. मग काय म्हणावं तिने? "एवढी मोठी होऊन?" आणि लगेच, "मग तू वर्गात माझ्या बाकावर बस, मी सरकते." दुसऱ्या दिवशी मी गुरुजींकडे जाऊन सगळं कबूल केलं. ते चष्मा पुसत राहिले. हसू दाबायला पुसत होते, मला काय कळत नाही?

वाईट बातमी. मी एक दिवस मोजायचा विसरले. एकोणिसावा. संध्याकाळी बेथ न काफ घेऊन बसले, ती दोन्ही समोर मांडून त्यांच्याशी भांडत होते, आणि बटण टाकायचं राहिलं. दुसरा दिवसही गेला. मग शेजारीण जिन्यात म्हणाली, "आज विसावा," आणि माझ्या बरणीत अठराच. पन्नास वर्षांत कधी चुकले नव्हते. आता माझी मोजणी मोडली का हो? अक्षरंही नाहीत आणि मोजणीही नाही, असं व्हायचं माझं.

वहिनी

*

मोजणीचा सत्ताविसावा दिवस

वहिनी,

उशीर झाला. माफ करा.

मोजणीबद्दल जुन्यांची दोन मतं आहेत. एक म्हणतं, एकोणपन्नास दिवस मिळून एकच माळ. एक मणी गळला की माळ गेली. दुसरं म्हणतं, प्रत्येक दिवस स्वतंत्र. काल चुकलात म्हणून आजचा दिवस खोटा होत नाही. भांडण मिटलं नाही, म्हणून मधला रस्ता काढला. उरलेले दिवस मोजत राहायचं, फक्त आधीचे आशीर्वादाचे शब्द म्हणायचे नाहीत. तेव्हा बटण टाका, तोंड बंद ठेवून.

आईच्या मशीनची गोष्ट मला माहीत नव्हती. मोशेचं उत्तर त्याहून चांगलं माझ्याकडे नाही. जुने म्हणतात, एवढा थोर माणूस विसरायचा हे यासाठी, की विसरणाऱ्या ठोंब्यांनी धीर सोडू नये, परत यावं.

एक गंमत. परवा एका वकिलाचं पुस्तक शिवून, पुठ्ठा चढवून, वर नाव छापून दिलं. त्याने उघडलं तर आतलं सगळं उलटं. मीही देवाच्या बाजूने बांधलं म्हणायचं.

यंदा सणाला मी वाचणार नाही. तरुणांनी पुढे यायला हवं. शेवटची सहा अक्षरं पाठवतो आहे, ती खालच्या शिंप्याकडून कापून घेतली.

भावोजी

*

मोजणीचा बत्तिसावा दिवस

भावोजी,

गंमत वाचून सगळे हसले. थोरला हसला, सूनबाई हसली (तिला आता सगळं माहीत आहे, उलट रोज भिंगरीबरोबर तीच माझा पाठ घेते). मीही हसले. मग भांडी विसळताना हात थांबला.

भावोजी, तुम्ही बावन्न वर्षं पुस्तकं बांधता. डोळे मिटून पान चाचपलंत तरी वर कुठलं न खाली कुठलं हे तुम्हाला कळतं. तुमच्या हातून पुस्तक उलटं बांधलं जात नाही.

मी तुमची सगळी पत्रं काढली आणि ओळीने मांडली. पहिल्या पत्रात पानावर वीस ओळी आहेत. दुसऱ्यात चौदा. परवाच्यात सहा-सहा ओळींची चार पानं, आणि शेवटची ओळ कागदाबाहेर गेली आहे. मी मूर्ख बाई. मला वाटलं माझ्यासाठी मोठं लिहिता.

अंगठ्यात दाभण, पुठ्ठ्याच्या ओबडधोबड कडा, शिंप्याकडून कापलेली अक्षरं. आणि चाळीस वर्षं वाचणारा माणूस म्हणतो, तरुणांनी पुढे यावं! तुम्ही? मागच्या सणाला तुम्हाला ताप होता तेव्हा खाटेवरून उठून गेलात ते.

खोटं बोलण्यात मी तुमची गुरू आहे, मला शिकवू नका. खरं काय ते लिहा. लिहिता येत नसेल तर कोणाकडून लिहवून घ्या. आणि शिकवणी चालूच आहे, अकरा अक्षरं आली. बारावं आजच विसरले.

वहिनी

*

मोजणीचा अडतिसावा दिवस

वहिनी,

हे खालचा शिंपी लिहितो आहे, मी सांगतो आहे.

मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. वर्ष झालं. डॉक्टर म्हणाला, ऑपरेशन करा, साधं आहे. त्याला साधं. मला या डोळ्यांखेरीज दुसरं काही कमवायचं साधन नाही, त्यात बिघडलं तर? म्हणून ढकलत गेलो. (मी शिंपी माझ्या मनाने लिहितो: मी शंभरदा सांगितलं, ऐकत नाहीत. माझ्या सासऱ्यांचं झालं, ते आता सुईत दोरा ओवतात.)

दोन महिन्यांपूर्वी मी वाचायला उभा राहिलो. तोंड बरोबर चाललं होतं, सगळं पाठ आहे. पण हातातली दर्शनी, ओळ दाखवायची ती काडी, भलत्याच ओळीवर फिरत होती. बाजूला उभ्या असलेल्या म्हाताऱ्याने ती हळूच उचलून बरोबर जागी ठेवली. कोणी काही बोललं नाही. ते न बोलणं मला फार लागलं.

नियम तुम्हाला माहीत नसेल. गुंडाळीतलं पाठ म्हणायचं नसतं. लिहिलेलं दिसलं पाहिजे, बघून वाचलं पाहिजे, तरच ते वाचन. मला शब्दन् शब्द येतो आणि त्याचा काडीचा उपयोग नाही. मी सांगून टाकलं, यापुढे वाचणार नाही. यंदा सणाला प्रार्थनाघरात जाणारही नाही. खोलीत बसेन.

तुम्ही अकरापर्यंत पोचलात. पुढे गुरुजींकडून शिका. डोळे असलेला शिक्षक बरा.

भावोजी

(ते आता खिडकीकडे तोंड करून बसले आहेत. रागावलेले नाहीत. शिंपी.)

*

मोजणीचा बेचाळिसावा दिवस

भावोजी, आणि शिंपीदादा, तुम्हालाही नमस्कार, हे मोठ्याने वाचा,

गुरुजींकडून शिका म्हणे! मी तुम्हाला धरून बसले आहे, तुमच्या पुठ्ठ्यांना धरून बसले आहे. मधेच मास्तर बदलायला मी काय शाळेची मोठी बाई आहे?

काल गुरुजींकडे गेले होते, पण शिकायला नाही, भांडायला. म्हटलं, माझा दीर चाळीस वर्षं वाचत होता, आता दिसत नाही म्हणून घरात बसतो, तुमच्या शास्त्रात याला काही आहे का? ते म्हणाले, आहे. मोशेने आज्ञांच्या पहिल्या दगडी पाट्या फोडल्या ते ठाऊक आहे ना? मी म्हटलं, ठाऊक आहे, खाली लोक सोन्याचं वासरू पूजताना बघून फोडल्या. ते म्हणाले, त्या तुकड्यांचं काय झालं? मी म्हटलं, काय होणार, फुटकं ते केर. ते म्हणाले, नाही. ते तुकडे गोळा केले आणि नव्या पाट्यांच्या शेजारी, त्याच पेटीत ठेवले. लोक रानावनातून पेटी वाहायचे तेव्हा दोन्ही वाहायचे. आणि जुन्यांनी त्यावरून सांगून ठेवलं आहे की म्हातारपणाने ज्याच्या हातून त्याची विद्या सुटली, त्याला तसंच जपा. फुटक्यांचीही जागा त्याच पेटीत.

मी विचारलं, अन् नव्या पाट्या? त्यांचा दगड म्हणे मोशेला स्वतः घडवून वर न्यावा लागला. पहिल्या आयत्या मिळाल्या होत्या, त्या फुटल्या. ज्यांचा दगड स्वतः घडवला त्या टिकल्या. हे ऐकून मी रस्ताभर माझ्या पुठ्ठ्यांचा विचार करत आले.

आता भाषण पुरे. थोरल्याने इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे सण संपल्याच्या दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली आहे. आधी एक डोळा. तुम्ही सेहेचाळिसाव्या दिवसाच्या गाडीने यायचं आहे. शिंपीदादा गाडीत बसवून देतील, इथे थोरला उतरवून घेईल. भीती वाटली तर वाटू द्या, आपण पाचजण आहोत, वाटून घेऊ.

आणि सणाच्या दिवशी तुम्ही माझ्यासमोर बसायचं आहे. तुम्हाला येतं पण दिसत नाही. मला दिसतं पण येत नाही. दोघांचं मिळून एक माणूस तरी होईल की नाही?

अक्षरं सोळा झाली. आज सकाळी चौदा होती.

वहिनी

*

ऑपरेशननंतरचा सतरावा दिवस

वहिनी,

हे मी लिहितो आहे. स्वतः. ओळी मोजा. पानावर अठरा आहेत. डाव्या डोळ्याची पाळी पुढच्या महिन्यात. शिंपी रोज सकाळी वर येतो आणि "माझं नाक कसं दिसतं?" म्हणून विचारतो. मला आधी माहीत असतं तर मी ऑपरेशन केलं नसतं.

तुमच्या घरी असताना एक सांगायचं राहिलं. डोळ्यावर पट्टी होती, भिंगरी मला भिंतीवर आपटू न देता फिरवण्याच्या कामात होती, आणि तुम्ही बोलायचं थांबत नव्हता.

सकाळी प्रार्थनाघरातलं वाचन तुमच्या बोटाच्या पुढे निघून गेलं, म्हणून सणाच्या दुपारी तुम्ही जेवणाच्या टेबलावर पुस्तक उघडलंत. समोर मी, बाजूला भिंगरी, दाराशी थोरला आणि सूनबाई. तुमची मान पुस्तकात होती, त्यामुळे आमचं काय चाललं होतं ते तुम्हाला दिसलं नाही. म्हणून लिहितो.

तुम्ही पहिला शब्द लावायला घेतलात. आलेफ लगेच आलं. मग बोट थांबलं. मला शब्द येत होता, अगदी जिभेवर होता. चाळीस वर्षं मी तो बोलताना पुढच्या शब्दावर असायचो. मी तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात भिंगरीने टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर चापट मारली. तिलाही येत होता. तिने स्वतःच्या तोंडावर दुसरा हात दाबून धरला होता. ते मला दिसलं नाही, सूनबाईने नंतर सांगितलं.

मग मी थांबलो. दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून थांबलो.

सातव्या शब्दाला, ज्या देशातून आपण सुटलो त्याच्या नावाला, तुम्ही अडकलात. आपले पूर्वज तिथे चारशे वर्षं अडकले होते, तुम्ही पाव तास. दालेथ म्हणालात. मग म्हणालात, नाही, खांदा गोल आहे, रेश. आणि पुढे निघालात.

वहिनी, मी ते नऊ शब्द हजारदा वाचले असतील. पण ऐकले त्या दिवशी. एका अक्षरानंतर दुसरं येईल की नाही हे माहीत नसताना. मला वाटलं, डोंगराखाली उभे राहिलेले लोक असेच उभे असतील. पुढचा शब्द कोणाला ठाऊक नव्हता. थांबण्याखेरीज त्यांच्या हातात काही नव्हतं. वाचता येणाऱ्या माणसाला ही जागा कधी मिळत नाही. मला मिळाली ती तुमच्यामुळे.

तुम्ही शेवटचा शब्द म्हणालात तेव्हा मी नाक शिंकरलं, ते सर्दीमुळे नव्हतं.

प्रार्थनाघरातल्या लोकांना सांगितलं आहे की मी पुन्हा वाचायला उभा राहीन. त्यांनी विचारलं, घोडा तोच का? म्हटलं, घोडा म्हातारा झाला, आता चालत येईल.

तुमचा
भावोजी

*

त्याच आठवड्यात, गुरुवार

भावोजी,

अठरा ओळी! मोजल्या. भिंगरीने पुन्हा मोजल्या. मग सूनबाईने मोजल्या. मग मी शेजारणीला दाखवायला नेलं, तिने चहा केला.

तुमचं पत्र वाचून मला रडू आलं आणि त्याहून जास्त हसू आलं. कारण खरं काय झालं ते सांगते. मी वाचत होते तेव्हा टेबलाभोवती कोणी हूं की चूं करेना. एरवी आमच्या घरात चार माणसं असली की आठजण बोलतात. मी मनात म्हटलं, जेवण जड झालंय, सगळ्यांना डुलकी लागलेली दिसते. भावोजी तर प्रवासाचे थकलेले. म्हटलं झोपू दे बिचाऱ्यांना. मग मी म्हटलं, आता घाई कशाला? कोणी ऐकत नाही, चुकले तरी कोणाला कळणार? म्हणून मी आरामात एकेक अक्षराशी बोलत बोलत गेले. तुम्ही सगळे जागे आहात, श्वास धरून बसलेले आहात, हे कळलं असतं तर माझी बोबडी वळली असती आणि आलेफच्या पुढे गेले नसते.

तेव्हा देवाने मला ते कसं दिलं, भेट म्हणून की शिकवून, हे मला विचारू नका. मला वाटतं त्याने मला फसवून दिलं.

सणाच्या दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडलं तर पाचवा शब्द पुन्हा गेला होता. भिंगरी म्हणाली, "आजी, कालच तर वाचलास!" मी म्हटलं, "काल वाचला, आज पुन्हा वाचते." तो संध्याकाळपर्यंत आला. पूर्वी अक्षर विसरले की छातीत धस्स व्हायचं, आता पाहुणा बाहेर गेलाय, येईल परत, असं वाटतं.

आता मी दुसऱ्या आज्ञेला बसले आहे. गुरुजींना विचारलं किती शब्द, ते म्हणाले बरेच. बघितलं तर ती बाई संपतच नाही, पान उलटलं तरी चालूच! डाव्या डोळ्याला याल तेव्हा पहिल्या ओळीपर्यंत पोचलेली असेन, फार तर दीड ओळ. तुम्हाला आता सगळं दिसणार. पण खबरदार, मी अडले तर पुढचा शब्द सांगायचा नाही. तुम्ही आपलं टेबलाशी बसायचं, आणि झोपल्यासारखं करायचं.

वहिनी